बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) इथलं हीट एक्स्चेंजरचं वर्कशॉप: व्हेंट-ड्रेनची आधी चौकशी करणारे लोक (५ पैकी ४ स्टार)

गेल्या चार वर्षांत दोन कंडेन्सर (वाफ थंड करून तिचा द्रव करणारे) आणि एक स्टीम हीटर एवढं काम यांच्याकडून करून घेतलंय, त्यामुळे पहिल्याच ऑर्डरवर खूश होऊन लिहितोय असं समजू नका. मी नंदेसरीच्या एका लहान केमिकल युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो, राहायला दांडिया बाजारात. बडोद्यात हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, बनवणारे शोधायला निघालात तर मकरपुऱ्यात एकेका गल्लीत तीन-चार सापडतात, वेल्डिंग बहुतेकांचं चांगलं असतं, प्लेट आणि ट्यूबचे सर्टिफिकेट सगळेच देतात, मग निवडायचं कशावरून? माझं मत एकच, जो ऑर्डर घ्यायच्या आधी विचारतो की यातली हवा कुठून निघणार (व्हेंट) आणि पाणी कुठून निघणार (ड्रेन), त्याच्याकडे जा. हे लोक विचारतात.

आधी आमचं काय झालं होतं ते सांगतो, नाहीतर मी या एका गोष्टीसाठी एवढा का अडून बसतो ते कळणार नाही. आमच्या रिअ‍ॅक्टरवर एक उभा कंडेन्सर होता, दुसऱ्या एका फॅब्रिकेटरकडून घेतलेला, ट्यूबमधून टोल्यूईनची वाफ वरून खाली येणार, शेलमध्ये, म्हणजे ट्यूबभोवतीच्या मोठ्या नळकांड्यात, कूलिंग वॉटर खालून वर जाणार, ट्यूब एसएस (स्टेनलेस) ३०४ च्या. दिसायला झकास, बफिंग असं की तोंड दिसेल. दीड वर्ष झालं नाही तोच टोल्यूईनमध्ये पाणी यायला लागलं. उघडून टेस्ट केली तर गळणाऱ्या ट्यूब सगळ्या वरच्या ट्यूबशीटच्या (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड प्लेटच्या) खाली वीतभर अंतरात फुटलेल्या. पाच प्लग केल्या (टोकं बुजवून बंद केल्या), तीन महिन्यांनी आणखी सात. बनवणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला तुमचं पाणी खराब. पाणी बोअरचं आहे, जड आहे, क्लोराइड आहे, हे मान्य, पण तेच पाणी खालच्या दीड मीटर लांबीलाही लागतंच ना, मग तिथे ट्यूब अगदी कोऱ्या कशा राहिल्या? याचं उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही.

तेव्हा ओळखीतल्या एकाने या वर्कशॉपचा पत्ता दिला. मी कापलेल्या ट्यूबचा तुकडा आणि जुनं ड्रॉइंग घेऊन गेलो. मालक गुजराती शेठ आहेत, बोलायला गोड, पण डिझाइन आणि शॉप दोन्ही बघतात ते एक मराठी काका, वय साठीच्या पुढे. त्यांनी तुकड्याकडे नुसतं बघितलं आणि बाजूला ठेवला, ड्रॉइंग पसरलं, शेलवरच्या वॉटर आउटलेट नोझलच्या (पाणी बाहेर पडायच्या तोंडाच्या) सेंटरपासून ट्यूबशीटपर्यंतच्या मापावर बोट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, ही वरची हवा कुठून जायची?"

माप होतं २०० मिमी. नोझल ४ इंची, म्हणजे नोझलची वरची कड ट्यूबशीटच्या खाली साधारण १४० मिमीवर. त्याच्या वर शेलमध्ये एकही भोक नाही. पाणी भरताना नोझलपर्यंत चढतं आणि बाहेर पडतं, वरची १४० मिमी हवा तिथेच अडकून बसते, कितीही जोरात पंप चालवा ती दबते पण जात नाही. आणि एकदा काढली तरी परत जमते, कारण पाण्यात हवा विरघळलेली असते आणि पाणी गरम झालं की ती सुटून वर येते. आता नेमक्या त्याच जागी ट्यूबच्या आत वाफ सगळ्यात गरम, टोल्यूईन ११० अंशाला उकळतं, बाहेर पाणी नाही, नुसते शिंतोडे. शिंतोडा उडतो, सुकतो, मीठ मागे राहतं, पुन्हा उडतो, पुन्हा सुकतो. म्हणजे पाण्यात क्लोराइड कितीही कमी असलं तरी त्या वीतभर पट्ट्यात त्याचं पार मिठागर होतं, आणि ३०४ असो की ३१६, गरम स्टेनलेसला ताण आणि क्लोराइड एकत्र मिळाले की बारीक बारीक तडे जातात, स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात ते हेच. काका म्हणाले, "पाण्याला दोष देणारा माणूस अर्धं खरं बोलला, पण पाणी तिथे पोचलंच नाही हे त्याने सांगितलं नाही." मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी, बारा ट्यूब गेल्या, दोन बॅच गेल्या, आणि कारण काय तर अर्ध्या इंचाचं एक भोक दिलेलं नाही.

नवीन कंडेन्सरला त्यांनी काय केलं ते नीट लिहितो, कारण खरेदी करणाऱ्याला ड्रॉइंगमध्ये काय शोधायचं हे माहीत पाहिजे. आउटलेट नोझल वेल्डिंगला जागा राहील इतपत जमेल तेवढं वर नेलं. पण उभ्या फिक्स्ड ट्यूबशीटमध्ये (दोन्ही ट्यूबशीट शेलला पक्क्या वेल्ड केलेल्या) नोझल कितीही वर नेलं तरी थोडी जागा उरतेच, म्हणून वरच्या ट्यूबशीटच्या जाडीतच कडेकडून आत आडवं भोक पाडलं आणि शेलच्या बाजूने खालून दुसरं भोक पाडून त्याला मिळवलं, असे दोन, समोरासमोर. म्हणजे हवा ट्यूबशीटच्या अगदी पोटाला लागून बाहेर निघते, खाली पट्टा उरतच नाही. याला ट्यूबशीट पुरेशी जाड लागते आणि ड्रिलिंग ट्यूबच्या भोकांना न लागता करावं लागतं, वेळखाऊ काम आहे, म्हणून बरेच जण टाळतात आणि शेलवर बाजूला एक कपलिंग (आटे असलेला आखूड नळीचा तुकडा) ठोकून व्हेंट दिला म्हणतात. बाजूचं कपलिंग त्याच्या पातळीपर्यंतचीच हवा काढतं, वरची तशीच.

खालच्या ट्यूबशीटलाही तसाच ड्रेन दिला. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. इनलेट नोझलच्या खाली जे पाणी उरतं ते कधीच बदलत नाही, कूलिंग टॉवरची (पाणी थंड करून परत पाठवणाऱ्या मनोऱ्याची) माती आणि शेवाळ तिथे बसतं आणि त्या गाळाखाली ट्यूब सडते, वरती हवेने खाल्ली ती खाली चिखलाने खाणार. आता आम्ही पंधरा दिवसांनी तो ड्रेन उघडतो तर पहिला अर्धा मिनिट चहासारखं पाणी येतं.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी अर्धा स्टार वेगळा दिला असता. विचारलं, कंडेन्सर कितव्या मजल्यावर, टॉवर कुठे? कंडेन्सर तिसऱ्या मजल्यावर, साधारण १२ मीटर, टॉवर जमिनीवर, त्याचं वरचं पाइप ५ मीटरवर. म्हणाले मग तुमची रिटर्न लाइन पाण्याने भरून खाली ओढते, कंडेन्सरच्या डोक्यावर प्रेशर वातावरणापेक्षा कमी असणार, व्हेंट उघडलात तर हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येईल. घरी आल्यावर मला जुन्या कंडेन्सरच्या रिटर्नला लावलेल्या गेजचं रीडिंग आठवलं, काटा शून्याच्या खाली होता आणि आम्ही गेज बिघडला म्हणून बदलला होता! उपाय साधा सांगितला, पाण्याचा फ्लो इनलेट व्हाल्वने कमी-जास्त करू नका, इनलेट पूर्ण उघडा ठेवा आणि आउटलेटच्या व्हाल्वने थ्रॉटल करा, म्हणजे शेल कायम भरलेला आणि प्रेशरखाली राहतो, आणि व्हेंटची बारीक लाइन कायम थोडी चालू ठेवून फनेलमध्ये सोडा म्हणजे ऑपरेटरला पाणी पडताना दिसतं. फनेलमध्ये धार दिसते आहे म्हणजे वर हवा नाही. कसलंही इन्स्ट्रुमेंट लागत नाही. तीन वर्षं होतील आता, त्या कंडेन्सरची एकही ट्यूब गेलेली नाही, पाणी तेच, मटेरियल तेच.

दुसरा कंडेन्सर तसाच, त्याबद्दल वेगळं काही नाही.

स्टीम हीटरची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझाच समज चुकीचा होता. आडवा यू-ट्यूब हीटर (ट्यूब यू आकारात वळवलेल्या), शेलमध्ये ३ बारची स्टीम, ट्यूबमध्ये तेल. मी माझ्या हाताने स्केच काढून नेलं होतं, व्हेंट शेलच्या वर मधोमध, कारण हवा वर जाते हेच आपण शिकलेलो. काकांनी खोडून टाकलं. पाण्यात हवा वर जाते, स्टीममध्ये नाही, हवेचा रेणूभार २९, वाफेचा १८, हवा जड. शिवाय स्टीम जिकडून येते तिकडून हवेला ढकलत नेते आणि जिथे स्टीम संपते तिथे ती साठते, म्हणून व्हेंट इनलेटपासून सगळ्यात लांबच्या टोकाला द्यायचा, कंडेन्सेटच्या (वाफेच्या झालेल्या पाण्याच्या) पातळीच्या वर पण शेलच्या डोक्यावरच पाहिजे असं नाही. आमच्या हीटरला स्टीम चॅनेलच्या (तेल ट्यूबमध्ये शिरतं-निघतं त्या पुढच्या डब्याच्या) बाजूने, व्हेंट यू-बेंडच्या बाजूने, त्यावर थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट, म्हणजे हवा असेल तर थंड पडून उघडतो आणि स्टीम आली की बंद.

हवेने एवढा काय फरक पडतो असं आमच्या प्रॉडक्शनवाल्यांनी मला विचारलं होतं. ३ बार गेजच्या शुद्ध स्टीमचं तापमान साधारण १४४ अंश, त्यात दहा टक्के हवा मिसळली तर गेज तेवढंच दाखवतो पण वाफेच्या वाट्याला प्रेशर कमी येतं आणि तापमान १४० च्या आसपास उतरतं. चार अंश काहीच नाही वाटतं, पण खरा मार तो नाही. वाफ ट्यूबवर पाणी होऊन निघून जाते आणि हवा ट्यूबला चिकटून थर करून बसते, पुढच्या वाफेला त्या थरातून वाट काढत यावं लागतं. १९२९ मध्ये ऑथमर नावाच्या अमेरिकन केमिकल इंजिनिअरने मोजून दाखवलं की वाफेत अर्धा टक्का हवा असली तरी कंडेन्सेशनचा कोएफिशियंट (उष्णता देण्याची क्षमता) जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्धा टक्का! आणि आपण ट्यूबचा एरिया दहा टक्के जास्त घेतला म्हणून निश्चिंत असतो.

हीटरच्या आतल्या बारीक गोष्टी मी जोडणीच्या वेळी स्वतः जाऊन बघितल्या, तुम्हीही जा, एकदा ट्यूबचं बंडल आत गेलं की काही दिसत नाही. बॅफलचा (शेलमध्ये ट्यूबना आधार देणाऱ्या प्लेटचा) कट उभा ठेवलेला, म्हणजे कंडेन्सेट तळातून सरळ वाहतं, आडवा कट असता तर प्रत्येक बॅफल बांधासारखा पाणी अडवत बसला असता. तरी प्रत्येक बॅफलला खाली एक खाच. चॅनेलमधल्या पास पार्टिशनला (येणारं आणि जाणारं तेल वेगळं ठेवणाऱ्या पडद्याला) ६ मिमीचं एक भोक, म्हणजे उघडताना वरच्या कप्प्यातलं तेल खाली उतरतं आणि बोल्ट सैल केले की अंगावर येत नाही, एवढ्याशा भोकातून जे तेल शॉर्टकट मारतं ते मोजण्याएवढंही नसतं. आणि एक गोष्ट जी मी त्याआधी कधीच तपासली नव्हती, ड्रेनचं कपलिंग आतून शेलच्या बरोबरीने घासून सपाट केलेलं. कपलिंग आत पाच मिमी जरी वर राहिलं तरी तेवढं पाणी कायम तळाशी राहणार, ड्रेन असून ड्रेन नाही. व्हेंटच्या बाबतीतही तेच, उलट्या दिशेने. माझ्यासमोर एक कपलिंग वर राहिलेलं होतं, काकांनी बोट फिरवलं आणि पोराला परत ग्राइंडर लावायला सांगितलं, आवाज न चढवता.

शेलवर वर एक व्हॅक्यूम ब्रेकरही (व्हॅक्यूम झाला की बाहेरची हवा आत घेणारा व्हाल्व) घ्यायला लावला, मी नको म्हणत होतो खर्च वाढतो म्हणून. कंट्रोल व्हाल्व बंद झाला की आतली वाफ आटते, शेलमध्ये व्हॅक्यूम होतो आणि कंडेन्सेट ट्रॅपकडे (पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या व्हाल्वकडे) जायचं सोडून आतच धरून राहतं, मग परत स्टीम सोडली की ती त्या पाण्याला आपटते आणि धडाधड ठोके. आमच्या जुन्या हीटरला रोज सकाळी हे ठोके बसायचे, नव्याला नाहीत. खर्च करून बरं केलं.

हायड्रो टेस्टला (पाणी भरून प्रेशर देऊन तपासतात त्या) बोलावतात, जरूर जा. डिझाइन प्रेशर ६ किलोचं, टेस्ट १.३ पट म्हणजे ७.८ ला केली, एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या कोडप्रमाणे. कोडमध्ये हेही आहे की ज्या पोझिशनमध्ये टेस्ट करताय त्या पोझिशनमधल्या सगळ्या उंच जागांना व्हेंट पाहिजे, आणि बरेच शॉप उभा कंडेन्सर आडवा झोपवून टेस्ट करतात आणि हवा तशीच ठेवतात. पाणी दबत नाही, हवा दबते, आत हवा राहिली आणि काही फुटलं तर ते स्प्रिंगसारखं उडतं. इथे कंडेन्सर आडवा होता तर त्यांनी त्या वेळी वर येणाऱ्या नोझलच्या ब्लाइंडवर (तोंड बंद करणाऱ्या झाकणावर) टेस्टपुरता व्हाल्व लावला, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत पंप लावला नाही. टेस्टनंतर रिकामं करतानाही आधी वरचा व्हाल्व उघडला, मग खालचा. पाणी स्टेनलेससाठी कमी क्लोराइडचं वापरलं, रिपोर्ट मागितला तर दाखवला, ५० पीपीएमच्या आत होता. मग कोरडी हवा मारून सुकवलं.

माझे आजोबा बडोद्याच्या कलाभवन या तांत्रिक शाळेत शिकलेले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या, आणि ते म्हणायचे ड्रॉइंग वाचायचं म्हणजे त्यातून पाणी वाहवून बघायचं. काकांना ड्रॉइंगवर पेन्सिल फिरवताना बघून मला दोन्ही वेळा तेच आठवलं.

आता एक स्टार का कापला ते. डिलिव्हरी सहा आठवडे सांगून नऊ आठवड्यांनी दिली, तीनपैकी दोन वेळा. मध्ये फोन केला की शेठ "काल थई जशे" (उद्या होईल) म्हणतात, मराठीत विचारलं तरी उत्तर तेच, त्यापेक्षा सरळ तारीख सांगितली तर आम्ही शटडाऊन त्याप्रमाणे ठरवू. दुसरं, पहिल्या कंडेन्सरच्या खालच्या ड्रेनचा व्हाल्व नेमका सपोर्टच्या पायाच्या मागे आला, हँडल पूर्ण फिरेना. जो ड्रेन उघडता येत नाही तो कोणी उघडत नाही, चार महिन्यांनी चोक होतो. सांगितल्यावर माणूस पाठवून एल्बो टाकून बाहेर काढून दिला, पैसे घेतले नाहीत, पण एवढं बारीक बघणाऱ्यांकडून हे सुटायला नको होतं. तिसरं, एसएसच्या कपलिंगमध्ये एमएसचे (साध्या लोखंडाचे) प्लग लावून पाठवले होते, ट्रान्सपोर्टपुरते म्हणे, पावसात गंजून बसले आणि एक काढताना आटे गेले. तेव्हापासून मी पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्येच) लिहितो की प्लग त्याच मटेरियलचा.

रेट दुसऱ्या दोन कोटेशनपेक्षा सात-आठ टक्के जास्त होता. आमच्या पर्चेसवाल्यांनी हेच वजा करून दाखवा म्हणून लावून धरलं, मी त्यांना प्लग केलेल्या बारा ट्यूब आणि गेलेल्या दोन बॅचचा हिशेब दिला, विषय तिथे संपला. साइजबद्दल एक, टेमाच्या (हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या) स्टँडर्डमध्ये व्हेंट-ड्रेनला कमीत कमी पाऊण इंच सांगितलंय, ते स्वच्छ पाण्याला ठीक, पण तुमचं पाणी आमच्यासारखं असेल तर शेलचा ड्रेन एक इंच किंवा त्याहून मोठा मागा, पाऊण इंच गाळाने बुजतो. यांनी मागितल्यावर लगेच दिला, स्वतःहून मात्र सुचवला नाही.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर काका शॉपमध्ये असतात आणि बोलायला निवांत मिळत नाहीत. प्रेशर, तापमान, फ्लो तर नेताच, सोबत टॉवर आणि कंडेन्सरची उंची मोजून न्या, आणि जुन्या एक्स्चेंजरचं ड्रॉइंग नसेल तर त्याचे दोन फोटो, एक अगदी वरच्या टोकाचा आणि एक तळाचा, ते पहिल्यांदा तेच मागतात.